पिवळ्या ओळी आणि दोन भाऊसाहेब

संपादकांनी फोनवर 'यशोगाथा' मागितली होती. पुण्याला न पळता, नगरमध्येच राहून एका बाईनं बावीस वर्षं सॉफ्टवेअरचा धंदा कसा केला, तरुण पिढीला काय सांगाल, वगैरे. मी म्हटलं, यश आठवायला जरा वेळ लागेल, फजिती मात्र तयार आहे. ते मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलतायत.

सावेडीत खाली फरसाणाचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. ऑफिसात मी, सोहेल आणि एक कूलर. सोहेल शेख माझ्याकडे नोकरीला लागला तेव्हा त्याला मिशी नव्हती, आता तिच्यात पांढरे केस आहेत. तो भागीदार आहे आणि माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी त्याला सांगितलेलं नाही. नगरमध्ये 'कॉम्प्युटरचं काम' म्हणजे प्रिंटर दुरुस्ती असा सार्वत्रिक समज आहे. माझी सख्खी आत्या अजून मोबाईलची काच फुटली की माझ्याकडे पाठवते. आम्ही वेब अ‍ॅप लिहितो, म्हणजे मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर इंटरनेटमधून उघडणारी कामाची साधनं: मंगल कार्यालयाच्या तारखा, शाळेची हजेरी, दूध संकलन असलं सगळं. हे मी आत्याला चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी काच बदलून दिली.

आता धंद्यातलं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक अ‍ॅप मुळापासून लिहायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून दूरदेशीच्या काही हुशार लोकांनी एक तयार सांगाडा करून ठेवलेला असतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. खांब त्यांचे, आम्ही फक्त आत भिंती घालतो आणि बिल लावतो. हे हुशार लोक वर्षा-दोन वर्षांनी सांगाड्याची नवी आवृत्ती काढतात. तशी मागणी कोणीच केलेली नसते. पण जुन्या आवृत्तीकडे यापुढे आम्ही बघणार नाही, असं ते जाहीर करतात आणि आम्हा सगळ्यांना नव्या खांबांवर संसार हलवावा लागतो. हलवला की अ‍ॅप चालतं. फक्त आमच्या काळ्या खिडकीत, जिथे यंत्र आपलं मनोगत लिहीत असतं, तिथे ओळी यायला लागतात. लाल ओळ म्हणजे चूक. तिथे काम थांबतं, गिऱ्हाईक ओरडतं, आम्ही धावतो. पिवळी ओळ म्हणजे इशारा. तिथे काम चालूच राहतं. आणि ज्यानं काम थांबत नाही ती गोष्ट माणूस वाचत नाही. हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, माझ्या ऑफिसची कार्यपद्धती सांगतेय.

आमचे एक मंगल कार्यालयवाले गिऱ्हाईक होते. एका अपग्रेडनंतर त्यांच्या पडद्यावर खाली एक पिवळी पट्टी दिसायला लागली. त्यांनी तिचा फोटो काढून, वर गुलाबाचं फूल लावून, सुप्रभात म्हणून मला पाठवला. मी म्हटलं, दोन दिवसांत बघते. तिसऱ्या दिवशी गेले तर पट्टी नाहीशी! मालकांनी लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपतीचा कागद कापून, चिकटपट्टीनं मॉनिटरवर बरोबर त्या जागी लावला होता. "आता कसं मंगल दिसतंय," म्हणाले. हा किस्सा सांगून मी कितीतरी वर्षं लोकांना हसवलं. आता सांगत नाही, कारण पुढे मीही तेच केलं आणि माझ्याकडे गणपतीचा कागदही नव्हता.

मुळा धरणाच्या कालव्यावर, राहुरीच्या बाजूला, एक पाणीवापर संस्था आहे. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. धरणातून कालव्याला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात. ते पाणी चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पोटकालव्याला येतं आणि चारीवरच्या शेतकऱ्यांना ओळीनं पाळी मिळते. कोणाची पाळी कधी, किती तास, ते संस्था ठरवते, आणि पाटकरी नावाचा माणूस चारीवर फिरून दारं उघडतो, बंद करतो. हा सगळा हिशेब सेक्रेटरी एकनाथ तात्या एका लांबोड्या लाल वहीत ठेवत. वही इतकी जुनी की तिच्या पुठ्ठ्याला तात्यांच्या कोपराचा आकार आला होता.

नवे चेअरमन आले आणि त्यांना संस्था डिजिटल करायची होती. दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्याशा संस्थेनं केलं होतं, म्हणून यांनाही करायचं होतं. मी वही बघायला गेले. प्रत्येक नावापुढे समासात शिसपेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं. 'फेट्याचा.' 'दुबईवाला.' 'बोअर फेल.' 'हसरा.' 'डोंगळ्याचा.' एका नावापुढे नुसतंच 'तो.'

चेअरमन म्हणाले, "ते खोडा मॅडम. उद्या साहेब लोक बघतील. बरं दिसत न्हाई."

मलाही बरं दिसत नव्हतं. मी शिकलेली बाई. माझ्या अ‍ॅपमध्ये नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, क्षेत्र असे स्वच्छ रकाने होते. त्यात 'हसरा' कुठे बसवू?

तात्या तेवढं म्हणाले, "बाई, शिसपेन्सिलीचं राहू द्या. मागनं लई घोळ हुईल. म्या सांगून ठेवतो."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. पुढची सगळी कहाणी या दोन वाक्यांत आहे, पण संपादकांना अडीच हजार शब्द हवेत.

यादी पडद्यावर दाखवायची तर सांगाड्याला प्रत्येक ओळीची वेगळी ओळख द्यावी लागते. तिला आमच्या धंद्यात किल्ली म्हणतात. एका ओळीची किल्ली दुसरीला चालत नाही. माझ्या मनात होतं सभासद क्रमांकाची किल्ली करावी. पण पाहते तर चार भाऊ वेगळे होऊन चार चुली मांडलेल्या, आणि संस्थेत सभासद क्रमांक अजून आजोबांचा एकच. गट नंबर घ्यावा तर वाटण्या बांधावर झालेल्या, उताऱ्यावर नाहीत. मग मी अक्कल चालवली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं एकत्र जोडून किल्ली केली. इतकं सगळं दोघांचं सारखं असेल कसं?

नगर जिल्ह्यात जन्म, नगर जिल्ह्यात सासर, आणि मी हा प्रश्न गंभीरपणे विचारला! आमच्याकडे बारशाला भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब, दादासाहेब, अण्णासाहेब या पाच-सात नावांतून एक उचलायचं असतं. पोरगं पाळण्यातच साहेब होतं. गावात आडनावं दोन, त्यातलं एक अर्ध्या गावाचं. तेव्हा भाऊसाहेब दादासाहेब अमुक अशी एका चारीवर दोन माणसं असणं हा योगायोग नव्हता, न असणं हा चमत्कार ठरला असता. अमेरिकेत बसून सांगाडा लिहिणाऱ्याला हे कळलं नाही तर समजू शकतं. माझा स्वतःचा चुलत दीर भाऊसाहेब आहे, आणि चुलत चुलत दीरही.

तरी सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. जुना सांगाडा भला होता. एकाच किल्लीच्या दोन ओळी आल्या तर तो गुपचूप दोन्ही दाखवायचा. यादीत दोन भाऊसाहेब दिसत, आणि कोणता कोणता ते तात्यांना तोंडपाठ होतं. उद्घाटनाला चेअरमननी माऊसला हार घातला होता, तोही ठीक चालत होता. मग तात्या निवृत्त झाले. संस्थेला आता सेक्रेटरी कशाला, कॉम्प्युटर आहे की, असं ठरलं. सही चेअरमनची आणि एक ऑपरेटर मुलगी. पाटकरीही ठेक्यावरचा आला, पार दुसऱ्या तालुक्यातला, हातात मोबाईल घेऊन यादीबरहुकूम दारं उघडणारा. हे मला कळलं होतं. मी त्याला 'प्रगती' म्हटल्याचं आठवतं.

जानेवारीचं आवर्तन संपलं आणि आम्ही सांगाडा बदलला. तीन दिवस लागले. अ‍ॅप उघडलं, बटणं चालली, मी फरसाण मागवलं. काळ्या खिडकीत पिवळ्या ओळी मात्र पावट्याच्या शेंगा सोलल्यासारख्या पडत होत्या. सोहेलनं त्यातली एक मोठ्यानं वाचली. मराठीत सांगायचं तर ती अशी होती: 'दोन मुलांची किल्ली एकच आढळली. मूल दोनदा दिसेल अथवा गाळलं जाईल. या वागणुकीची हमी नाही.'

"कोणाची मुलं?" मी विचारलं.

"यादीतल्या ओळीला ते मूल म्हणतात, मॅडम."

"मग ओळ म्हणायला काय झालं? आणि कोणती यादी? आपल्या अ‍ॅपमध्ये तीस याद्या आहेत."

ते ओळीत लिहिलेलं नव्हतं. किल्ली कोणती, ते पुढे छापलं होतं, पण आमच्या काळ्या खिडकीला देवनागरी येत नाही. नावाच्या जागी नुसते चौकोनी डबे, एकापुढे एक. खाली एका पानाचा पत्ता होता. ते उघडलं तर तिथे चार वर्षांपूर्वी कोणीतरी हाच प्रश्न विचारलेला, आणि खाली अकरा जणांनी 'मलाही असंच होतंय' एवढंच लिहिलेलं. बाराव्यानं लिहिलं होतं, 'माझं आपोआप थांबलं.' जगभरच्या विद्वानांची ही पातळी बघून मला धीर आला.

"बघायचं का एकेक?" सोहेल म्हणाला. "दीडएकशे आहेत. दोन-तीन दिवस जातील."

"चालतंय ना?" मी म्हटलं.

"चालतंय."

"मग?"

'चालतंय ना' हे आमच्या शहराचं व्यावसायिक ब्रीद आहे. रस्ता, पूल, स्टँडवरचा पंखा, सगळं या दोन शब्दांवर उभं आहे. इशारे बंद करण्याची एक ओळ असते. सोहेल तिला बोळा म्हणतो, कानातल्या कापसाच्या बोळ्यासारखी. तो लिहायला कां-कूं करत होता, म्हणून ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली. खिडकी शांत झाली. स्वच्छ काळी. आता कसं मंगल दिसतंय, असं मी म्हटलं नाही इतकंच.

मार्चमध्ये एका सकाळी अकराच्या सुमारास जिन्यावर चपलांचा आवाज आला. पुढे तात्या, मागे साठीच्या आतले एक सडसडीत गृहस्थ. डोक्याला टोपी, काखेत टॉवेलचं गाठोडं. राहुरीहून एसटीनं आले होते. त्यांनी राम राम केला, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टॉवेल सोडला आणि आतलं मातीचं ढेकूळ माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवलं. वीट म्हणावी इतकं वाळलेलं, आणि त्याला मधोमध भेग.

"ताई, तुमचा कॉम्प्युटर म्हनतो हे रान भिजलेलं हाय," ते म्हणाले. "पिळा बरं. येक थेंब काढून दावा."

मी ढेकळाकडे बघत राहिले. तात्या म्हणाले, "हे भाऊसाहेब. डोंगळ्याचे."

भाऊसाहेबांची कहाणी तात्यांनीच सांगितली. बी धरायला कांदा लावतात, त्याला दांडे येतात, दांड्यावर पांढरे गोंडे फुलतात. त्यांना डोंगळे म्हणतात. गोंड्यात बी भरतं ते याच दिवसांत, आणि याच दिवसांत पाणी नाही मिळालं तर बी पोचट होतं. भाऊसाहेबांचं बी दुकानातलं नव्हतं. त्यांच्या आईनं दरवर्षी कांदाचाळीतला शेवटपर्यंत टिकलेला, एका आकाराचा, गडद रंगाचा कांदा निवडून निवडून धरलेलं ते बी. आई गेली, बी चालू राहिलं. त्यांच्या वस्तीवरची घरं मे महिन्यात त्यांच्याकडूनच ओंजळ-ओंजळ बी नेत आणि लावत. पैसे घेण्याची रीत आईनं पाडली नव्हती, म्हणून ते घेत नसत. विहिरीला आता तळ दिसत होता. मदार सगळी कालव्यावर.

"पाळी हुती माझी शनवारी," भाऊसाहेब म्हणाले. "पाटकरी दारावरनं तसाच फुडं गेला. म्या हापिसात गेल्तो. ती पोरगी म्हनली, काका, तुमच्या नावाफुडं बरोबरची खूण हाय, पानी झालंय तुमचं. म्हनलं आगं न्हाई झालं. तिनं मला पडदा दावला. खूण हुती, खरं हाय. दुसऱ्या दिशी परत गेल्तो. चेअरमन म्हनले, भाऊसाहेब, मानूस खोटं बोलंल, मशीन खोटं बोलत न्हाई. तिसऱ्यांदा गेल्तो तवा मलाच वाटाया लागलं, भिजलं आसंल, मलाच दिसत नसंल."

हे ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी खरोखरीच्या शंकेनं बोलले.

मी यादी उघडली. भाऊसाहेब दादासाहेब, एक ओळ, पुढे हिरवी खूण.

"ही खूण फेट्याच्या भाऊसाहेबाची हाय," तात्या म्हणाले. "त्यो वरच्या अंगाला. हे खालच्या. ह्यांची वळ कुटं हाय?"

त्यांची ओळ नव्हती. माहितीसाठ्यात नाव होतं, क्षेत्र होतं, पाळीची वेळ होती. पडद्यावर नव्हतं. सोहेल उठला, त्यानं माझी ती एक ओळ काढून टाकली आणि खिडकी परत पिवळी झाली. 'मूल दोनदा दिसेल अथवा गाळलं जाईल.' डब्यांच्या जागी त्यानं नावं छापायला लावली. सात जोड्या निघाल्या. सात माणसं आम्ही एका चारीवरून गाळली होती, आणि यंत्रानं ते आम्हाला दीडशे वेळा सांगितलं होतं.

मी तात्यांना विचारलं, बाकीच्या सहा जणांची तक्रार कशी आली नाही?

"ते कशाला हापिसात जात्यात?" तात्या म्हणाले. "त्येंनी पाटकऱ्याची गचांडी धरली आन दार उघडून घेतलं. ह्येच येकले नेमानं गेले."

नियमानं गेलेल्या माणसाला माझं अ‍ॅप तीन दिवस सांगत होतं की तू भिजला आहेस. मला खूप लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर माणूस करतो ते मी केलं, म्हणजे चहा मागवला. भाऊसाहेबांनी तो घेतला नाही. म्हणाले, "आवर्तन आज सांजंला बंद व्हतंय. काय करता येतंय का बघा."

दुरुस्ती चाळीस मिनिटांची होती. प्रत्येक नोंदीला यंत्रच एक आकडा देतं, त्याची किल्ली केली. पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं असं काम. भाऊसाहेबांची ओळ पडद्यावर उगवली, पुढे खूण नाही. सोहेलला बरं वाटलं, मलाही क्षणभर वाटलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला पडद्यावर दिसलं की झाल्यासारखं वाटतं. पण पाणी तोवर चारीच्या शेपटाला, अगदी शेवटच्या शेतांना पोहोचलं होतं. तात्यांनी शेपटाच्या लोकांना फोन लावले. ते म्हणाले, आमचं पाणी आम्ही का सोडायचं? मला त्यांचा राग आला, आणि दुसऱ्याच मिनिटाला कळलं की ते बरोबर आहेत. चेअरमनचा फोन बंद होता. दुरुस्तीआधी मी चूक सांगायला केला तेव्हा चालू होता.

शेवटी तात्यांनी फेट्याच्या भाऊसाहेबाला फोन केला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या शेतात शेततळं होतं, आणि पाळीच्या पाण्यातून त्यानं ते भरून घेतलं होतं, जे नियमात बसत नाही आणि सगळ्यांच्या देखत चालतं. तो म्हणाला, "माझ्या नावानं त्येचं पानी दडलं व्हय? उद्या मोटर टाकतो. पाईप तेवढे आना."

दुसऱ्या दिवशी मी आणि सोहेल गेलो. चार शेतांतून पाईप टाकलेले होते. लाईट सकाळी आठला आली आणि दुपारी दोनला गेली. तेवढ्या वेळात निम्मं रान भिजलं. पाणी जिथे थांबलं होतं तिथे ओल्या-कोरड्याची रेघ स्पष्ट दिसत होती. रेघेच्या अलीकडे गोंडे ताठ, त्यांच्यावर मधमाश्या. पलीकडे दांडे पिवळे पडून माना टाकलेले. मी त्या पिवळ्याकडे बघत उभी होते. 

मी भाऊसाहेबांना म्हटलं, "चूक माझी आहे. कॉम्प्युटरची नाही. त्यानं सांगितलं होतं, मी त्याचं तोंड बंद केलं."

ते दारं धरत होते, फावड्यानं पाणी या सरीतून त्या सरीत वळवत होते. वर न बघता म्हणाले, "सांगितलं हुतं व्हय? मंग त्येचं काय चुकलं न्हाई." थोड्या वेळानं म्हणाले, "औंदा बी घरापुरतंच व्हईल, ताई. वस्तीवरल्यांना काय सांगू?"

 त्या वर्षी वस्तीनं दुकानातलं बी घेतलं. पाकिटावर लालभडक कांद्याचा फोटो होता. शेतात आला तो जोडकांदा, आणि चाळीत दोन महिन्यांत कोंब फुटले. हे मला मुद्दाम कोणी कळवलं नाही. मी विचारत होते म्हणून कळलं. भाऊसाहेबांनी नुकसानभरपाई मागितली नाही. मी देऊ केली तर म्हणाले, ओंजळभर बियाचा भाव मी काय लावू? बावीस वर्षांत मला पुष्कळ गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या, कोर्टाची धमकी दिली, एकानं तर सर्व्हर उचलून नेला. त्यातलं काही मनाला लागलं नाही. हे लागलं आणि अजून आहे.

चेअरमनांनी नंतर सभेत सांगितलं की संस्थेची यंत्रणा 'अधिक अद्ययावत' करण्यात आली आहे. टाळ्या झाल्या. मी त्यांना एकच अट घातली होती: अ‍ॅपमध्ये एक नवा रकाना येईल, त्याचं नाव 'गावात काय म्हणतात', तो रिकामा सोडला तर नोंद होणार नाही, आणि तो भरायला तात्याच येतील. साहेब लोक बघतील, असं ते पुटपुटले. मी म्हटलं, बघू द्या, त्यांनाही गावात काहीतरी म्हणतच असतील. तेव्हा त्यांनी अट मान्य केली. त्यांना काय म्हणतात ते त्यांना ठाऊक असावं.

तात्या लाल वही घेऊन आमच्या ऑफिसात दोन दिवस बसले. शिसपेन्सिलीचं चेअरमननी तेव्हाच खोडून घेतलं होतं, पण खोडलं तरी ते पूर्ण जात नाही, वही उजेडात तिरकी धरली की दिसते. न दिसेल तिथे त्यांना पाठ होतं. एका बोटानं टाईप करत होते: फेट्याचा. दुबईवाला. हसरा, हा आता हसत नाही पण नाव तेच राहू द्या म्हणाले. 'तो' कोण, ते मी विचारलं. तात्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "त्यो त्योच," आणि तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी यादी झाली आणि जतन करायचं बटण दाबलं तर लाल ओळ आली. एका नोंदीचा रकाना रिकामा. शोधलं तर ती नोंद माझीच निघाली. सहा वर्षांपूर्वी, अ‍ॅप चालतं का ते बघायला, मी स्वतःला संस्थेची सभासद करून ठेवलं होतं. क्षेत्र शून्य, पाळी शून्य तास, चारीच्या अगदी शेपटाला.

"माझंही लिहा काहीतरी, तात्या," मी म्हटलं. "नाहीतर पुढे जायचं नाही."

तात्यांनी जरा विचार केला. मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाईप केलं आणि बटण दाबलं. नोंद झाली. लाल नाही, पिवळं नाही, खिडकी स्वच्छ. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'पिवळं न वाचणाऱ्या बाई'.

"हे तुम्ही आत्ता पाडलंत की काय?"

"म्या कशाला पाडू?" तात्या चष्मा पुसत म्हणाले. "डोंगळ्याचा म्हनतो तसं. आता समदी चारी म्हनती."

ती नोंद खोडायला एक बटण पुरेल. सोहेलनं दोनदा विचारलं, मी नको म्हटलं. दर आवर्तनाला पाटकऱ्याच्या मोबाईलवर यादीच्या तळाशी मी असते, भिजले की नाही त्याची खूण नसलेली. भाऊसाहेबांनी राखलेल्या बियातून यंदा वस्तीला पुन्हा ओंजळ-ओंजळ मिळालं, तेव्हा तात्यांच्या हातून एक पुडी माझ्याकडेही आली. माझ्याकडे शेत नाही. ती टेबलावर, ढेकळाशेजारी ठेवली आहे.

संपादकांनी लेखाखाली छापायला परिचय मागितला आहे: नाव, शिक्षण, व्यवसाय. नाव माझ्यासारखं जिल्ह्यात दहा जणींचं असेल. चारीवर म्हणतात तेच छापा, असं त्यांना कळवलं आहे.